बाळाला कोण बघणार

११ मार्च

दादा,

'सप्रेम नमस्कार' लिहायला बसले होते. नमस्कार लिहिता आला, सप्रेम अडलं. तेव्हा नुसता नमस्कार.

पत्ता धाकट्याकडून घेतला. त्याच्यावर चिडू नकोस. तो बिचारा अजून आपल्या दोघांच्या मध्ये उभा राहून दोन्हीकडची बोलणी खातो. फोन नंबरही देत होता, मीच नको म्हटलं. फोन केला की तू कामात असतोस. आई गेली तेव्हाही कामातच होतास. शिबिर चालू होतं, पळणारी पोरं तयार करायची होती. तिसऱ्या दिवशी आलास तो गाडी दारात चालूच ठेवून. पत्राला निदान 'नंतर बोलतो' म्हणता येत नाही.

लिहायचं कारण तुझी मुलाखत. तुला ठाऊक नसेल, मी हल्ली एका लॅबमध्ये कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे साचे येतात, आम्ही त्यावर मेण चढवतो, दात बसवतो, गुलाबी हिरड्या करतो आणि घासून पुसून परत पाठवतो. साचे वाळत ठेवायला खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरतो. परवा कुणाचा तरी खालचा जबडा उचलला, तर खाली तू. केस पिकलेत. शोभतात तुला.

'माझ्या आईनं पोटाला चिमटा काढून मला पहिले बूट घेतले.' वाक्य छान आहे. आमच्या मालकीणबाईंनी मोठ्यानं वाचलं आणि डोळे पुसले. दुसऱ्याची आई म्हटली की बाईंना लगेच भरून येतं. हा माझा भाऊ, असं मी काही सांगितलं नाही.

दादा, ते बूट आईनं घेतले नव्हते. शाळेच्या शर्यतीत मी पहिली आले, त्याचं ते बक्षीस होतं. निळे, पांढऱ्या नाड्यांचे. मला मोठे होत होते, म्हणून पुढे कापडाचे बोळे कोंबून मी दोन दिवस घरातल्या घरात घालून मिरवले. मग आई म्हणाली, "त्याला बरोबर बसतात गं. त्याला उपयोग होईल. तू काय, आज पळशील, उद्या..." पुढचं बोललीच नाही. तिला कारखान्यात पाळीवर जायला उशीर होत होता.

तक्रार करत नाहीये. छापून आलेली चूक दुरुस्त करते आहे.

आणि हो, मी पुन्हा पळायला लागले आहे. म्हटलं, सांगावं. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

तुझी बहीण
(एकच आहे, विसरला असशील तर)


६ एप्रिल

दादा,

उत्तर आलं नाही. येणार नाही हे ठाऊक होतं, तरी पत्रांच्या पेटीत दोनदा हात घालून पाहिला. जित्याची खोड.

पळण्याचं अर्धवट लिहून सोडलं होतं. ते असं झालं. एका दवाखान्यानं पाच किलोमीटरची शर्यत ठेवली होती आणि मालकीणबाईंनी आम्हा सगळ्यांची नावं परस्पर देऊन टाकली. बनियनवर हसरी दाढ. ती छातीवर घेऊन आम्ही कवळीवाले भल्या सकाळी थंडीत कुडकुडत उभे. मी जाणार नव्हते. घरी एवढा पसारा, त्यात हे कशाला? पण एका पोरीनं माझ्या बनियनला चार पिना लावून नंबर अडकवला आणि मला काहीतरीच झालं. या छातीवर आजवर दोन पोरं झोपली, रडली, ओकली. नंबर कुणी लावला नव्हता.

शेवटून चौथी आले. एक माणूस तर बाबागाडी ढकलत ढकलत माझ्या पुढे गेला, आतलं बाळ माझ्याकडे वळून बघत होतं. पण तेवढा वेळ मला कुणी 'माझे मोजे कुठे आहेत' असं विचारलं नाही. घरी येऊन लगेच पुढच्या शर्यतीत नाव दिलं.

तू म्हणशील, पळायला शर्यत कशाला लागते? तुला नसेल लागत. मी याआधी तीनदा ठरवून बघितलंय. उद्यापासून चालायला जायचं, सोमवारपासून नक्की. चार दिवस टिकत नाही. 'जरा पळून येते' म्हटलं की घराला शंभर कामं आठवतात. 'स्पर्धा आहे, नाव दिलंय' म्हटलं की घर गप्प बसतं. तारीख लिहून फ्रिजवर चिकटवली आहे. मी सांगितलेलं या घरात कुणी ऐकत नाही, त्या कागदाचं ऐकतात. माझं मन ऐकतं हेच पुष्कळ. नाहीतर सकाळी अंथरूण सोडवत नाही.

तुझे मेव्हणे पावाच्या कारखान्यात रात्रपाळी करतात. रात्रभर भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस पहाटे येतो तो पडतोच, त्याला काय बोलणार? मी उजाडायच्या आत निघते आणि डब्यांच्या वेळेला परत येते. तेवढा वेळ मोठी लेक आहे ना. आता सातवीत आहे. तिच्या पाठीवर इतक्या वर्षांनी भोपळा झाला. त्याचं खरं नाव वेगळं आहे, पण एकदा मांडीवर घेतलास तर तूही भोपळाच म्हणशील. तो उठला की मोठी त्याला दूध देते, चड्डी बदलते, खिडकीत उभं करून गाड्या दाखवते. शहाणी आहे. सांगावं लागत नाही.

तुझ्या घरी कोण कोण आहे, हे मला वर्तमानपत्रातून कळलं. असो.

तुझी बहीण


२२ जून

दादा,

पत्र मिळालं. इतक्या वर्षांनी भावाचं पत्र आलं आणि त्यात चौकशी कुणाची, तर माझ्या गुडघ्यांची! 'सुरुवातीला जोर करू नकोस. आठवड्यातून एक दिवस विश्रांती घे. बूट चांगले वापर.' खाली सही, तीही छापील वाटावी अशी.

बूट चांगले वापर! तू हे लिहिलंस आणि तुझा हात थांबलासुद्धा नाही?

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीची दोन तुला पाठवण्यासारखी नव्हती.

आता ऐक. शाळेत निवड झाली होती माझी, तुला आठवत असेल किंवा नसेल. बाहेरगावी जायचं होतं, दोन दिवस. मी चिठ्ठी घेऊन नाचत घरी आले. बाबा गेल्यानंतरचं ते पहिलंच वर्ष होतं. आई शिलाईच्या कारखान्यातून नुकतीच आली होती, पाय पाण्यात सोडून बसली होती. चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि म्हणाली, "चांगलं आहे गं. पण मग बाळाला कोण बघणार?"

बाळ म्हणजे धाकटा. रांगायचा तेव्हा. हाताला लागेल ते तोंडात घालायचा.

मी तुझ्याकडे बघितलं. तू उंबऱ्यात बसला होतास, मैदानावर निघाला होतास, माझे निळे बूट घालून. नाडी बांधत होतास. गाठ नीट बसत नसावी बहुतेक, कारण तू मान वर केलीच नाहीस.

तिला मी दोष देत नाही. तिला दोनच हात होते आणि ते दोन्ही मशीनवर होते. पण तुझे रिकामे होते, दादा. त्या एका संध्याकाळी फक्त 'मी थांबतो' म्हणाला असतास तर मी जिंकले असते असं नाही. पण हरले तरी असते.

ऑक्टोबरातल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत मी नाव दिलंय. प्रमुख पाहुणे कोण आहेत ते तुला सांगायला नको. पत्रकावर तुझा फोटो माझ्या तळहाताएवढा छापलाय. 'पाहुण्यांच्या हस्ते पदके' असं खाली लिहिलंय. म्हणजे मी पोहोचले की तुला उठून माझ्या गळ्यात पदक घालावं लागेल. कुठल्या रंगाचे कपडे असतील ते कळवत नाही. ओळखलंस तर ओळखलंस.

तुझी बहीण


३० ऑगस्ट

दादा,

आठ किलोमीटर न थांबता पळते आता. कुणाला सांगू? तुझे मेव्हणे म्हणाले, "बरं." भट्टीपुढे उभं राहून त्यांचेही शब्द वाळले आहेत. लॅबमध्ये सांगितलं तर मालकीणबाई म्हणाल्या, "वा, मग आता कामातही जरा वेग येऊ दे." म्हणून तुला लिहिते. तुला किंमत कळेल असं नाही, पण अंतर तरी कळेल.

शेवटचा चढ येतो तेव्हा मी तुझा चेहरा समोर आणते. लोक देवाचं नाव घेतात. मी तुझा तो पत्रकावरचा फोटो आठवते आणि दातओठ खाऊन चढते. राग चांगला चालतो रे, पेट्रोलसारखा. सकाळी उठवतोसुद्धा.

घरी मात्र कटकटी वाढल्यात. मोठी हल्ली तोंड पाडून असते. वयच तसं आहे. माझे जुने बूट मागून घेतले, म्हटलं घे, तसेही पडूनच आहेत. परवा मी पळून आले तर भोपळा पलंगावरून पडलेला, कपाळावर हे एवढं टेंगूळ, घर डोक्यावर घेतलेलं, आणि ही बाई गणवेश घालून दारात उभी. शाळेची बस चुकलेली. मी फाडफाड बोलले. "लक्ष कुठे होतं तुझं? एवढंसं पोर तुला सांभाळता येत नाही?" तिनं दप्तर उचललं आणि चालत गेली. शाळा लांब आहे.

संध्याकाळी भांडी पुसताना मला म्हणाली, "आई, ऑक्टोबरच्या त्या रविवारी तू नक्की जाणारेस?"

मी म्हटलं, "म्हणजे काय? त्यासाठीच तर हे सगळं चाललंय."

"बरं," म्हणाली. बापावर गेलीय.

तुझी बहीण


१५ ऑक्टोबर

दादा,

तू गेला होतास.

मी पूर्ण केली. शेवटच्या वळणावर बरगडीखाली कळ आली, तरी चालले नाही, पळतच आले. कमानीखालून आत शिरले तर मांडवात खुर्च्या उचलणं चाललं होतं. तुझ्या नावाची पाटी टेबलावर पालथी पडली होती. एका स्वयंसेवक पोरीला विचारलं, "पाहुणे कुठे आहेत?" तर म्हणाली, "ते मघाशीच गेले, काकू. त्यांना दुसरा कार्यक्रम होता. पहिल्या आलेल्यांना त्यांनीच घातली पदकं. तुमचं त्या खोक्यात आहे, घ्या."

खोक्यातून घेतलं. स्वतःच स्वतःच्या गळ्यात घातलं. रिबीन केसांत अडकली.

माझी चूक काय झाली सांगू? तू थांबशील असं मी धरून चालले. सगळी पत्रं वाचूनसुद्धा तू थांबला नाहीस, की नंतरची वाचलीच नाहीस? दोन्हीपैकी कुठलं खरं मानलं तर मला कमी लागेल, हे अजून ठरत नाहीये.

घरी आले तेव्हा मोठी भोपळ्याला भरवत होती. पदक त्याच्या गळ्यात घातलं तर त्यानं ते चाटून बघितलं. मी मोठीला म्हटलं, "विचार तरी, कसं झालं."

"कसं झालं?" तिनं विचारलं. चमचा त्याच्या तोंडापुढे धरलेलाच होता.

पुन्हा लिहीन असं वाटत नाही.


१९ ऑक्टोबर

दादा,

लिहिणार नव्हते. पण हे सांगायला मला दुसरं कुणी नाही. ज्याला सांगायला नको त्यालाच सांगावं लागतंय.

काल मोठीच्या शाळेतून लॅबमध्ये फोन आला. खेळाच्या बाई होत्या. म्हणाल्या, "घरी सगळं ठीक आहे ना? रविवारी निवडीची शर्यत होती. तुमच्या मुलीनं अडचण आहे म्हणून निरोप दिला. कुणी आजारी होतं का?"

मी म्हटलं, "कसली शर्यत?"

बाई म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक नाही? अहो, तिच्या वर्गात तिच्या जवळपाससुद्धा कुणी नाही. जून महिन्यापासून मधल्या सुट्टीत पळते. पायात बूट मोठे होते, तरी सगळ्यांच्या पुढे."

माझ्या हातात एका म्हातारबाबांची वरची कवळी होती. ती घासायच्या चाकावर धरलेली तशीच राहिली आणि एक दात पार झिजून गेला. पुन्हा बनवावी लागणार आहे.

संध्याकाळी मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. दार लावून घेतलं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"विचारलं होतं."

"काय विचारलं होतंस?"

"त्या रविवारी तू नक्की जाणार का, ते."

"अगं, मग शर्यत आहे म्हणायचं! मला काय स्वप्न पडणार आहे?"

"म्हटलं असतं तर?" ती म्हणाली. "भोपळ्याला कोण बघणार होतं?"

टोमणा नव्हता रे. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी उलट बोलू शकले असते. तिनं खरंच विचारलं. हिशेब करून पाहिला होता तिनं, आणि त्यात ती एकटीच रिकामी निघत होती.

मी खाली बसले. मग जे कधीही करणार नाही असं ठरवलं होतं ते केलं. तुझं नाव काढलं. म्हटलं, "मी मामाला सांगते. तो मोठा माणूस आहे. त्यानं एक शब्द टाकला तर तुझी पुन्हा शर्यत घेतील."

"नको."

"का नको?"

"मला नाही पळायचं."

"असं रागानं नाही बोलायचं. बाई म्हणाल्या तू सगळ्यांत—"

"रागानं नाही," ती म्हणाली. "पळणारी माणसं घरी नसतात."

आणि दार उघडून गेली. बाहेर भोपळा तिलाच हाका मारत होता. मला नाही.


९ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र आलं. यावेळी हातानं लिहिलेलं. 'तिला सुट्टीत शिबिरात पाठव. मी बघतो.'

'मी बघतो.' हे दोन शब्द मी बराच वेळ वाचत होते. आपल्या घरात ते तेव्हा कुणी म्हणालं असतं तर आईनं माझी घडी घातलेली चिठ्ठी पुन्हा उलगडली असती. आता तू म्हणतोस. तेही घरापासून लांब, तुझ्या मैदानावर, तुझ्या वेळेत.

तरी मी पत्र मोठीला दिलं. लपवण्याचा मला काय अधिकार? तिनं वाचलं आणि विचारलं, "तू त्यांना सगळं लिहिलंस?" मी हो म्हटलं. तिनं पत्र परत दिलं. तेवढंच. जाणार, नाही जाणार, काहीच नाही. तिच्या वतीनं मी तुला उत्तर देणार नाही. तिला वाटलं तर ती देईल.

खेळाच्या बाईंना जाऊन भेटले. यादी गेली म्हणाल्या. पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी तिनं पळायला हवं ना, असं माझ्या जिभेवर आलं होतं. बाईंचा काय दोष?

गेल्या रविवारी माझी पुढची शर्यत होती. नाव आधीच दिलेलं. आठवडाभर मी मनाशी भांडत होते. सोडून द्यावं, बस झालं, पोरीच्या जिवावर कसली हौस? मग वाटायचं, मी सोडलं तर ती काय शिकेल? की शेवटी बाईनंच सोडायचं असतं. धरलं तरी वाईट, सोडलं तरी वाईट.

त्या दिवशी सकाळी तयार झाले, मोठीच्या खोलीत गेले तर ती उठून बसली होती. केस बांधत होती, भोपळा उठायच्या आत दूध गरम करायला. मी म्हटलं, "झोप."

"मग?"

"झोप म्हटलं ना."

भोपळ्याला उचललं, झोपलेल्या बापाच्या छातीवर नेऊन ठेवलं आणि त्यांना हलवलं. नुकतेच आले होते, अंगाला पिठाचा वास, डोळे उघडेनात.

"काय झालं?"

"मी शर्यतीला चाललेय. हा तुमच्याकडे."

"अगं, रात्रभर उभा होतो मी. मोठी कुठंय?"

"झोपलीय."

"तिला उठव की."

"नाही उठवणार."

ते चिडले असावेत, पण चिडायचंही त्राण नव्हतं. भोपळ्यानं त्यांचं नाक धरलं. बाप घरात उताणा पडलेला असतो आणि त्याला हलवता येतं, हे मला एवढ्या महिन्यांत एकदाही सुचलं नाही, दादा. एकदाही! दरवेळी मी त्यांच्या पलंगाला वळसा घालून पोरीच्या पलंगापाशी जात होते, दबक्या पावलांनी, त्यांची झोप मोडू नये म्हणून.

शर्यत वाईट झाली. तुझा चेहरा समोर आणून पाहिला, आला नाही. रागच उरला नाही असं नाही, पण तो तुझ्याकडे जाईना, माझ्याकडेच वळून यायला लागला. निम्म्याच्या वर चालतच गेले. घरी आले तर भोपळा आणि त्याचा बाप जमिनीवर आडवे, दोघांच्या अंगावर दूध सांडलेलं. मोठी अजून झोपली होती. इतका वेळ झोपलेली मी तिला ती तान्ही असतानाच पाहिली असेन. दारात उभी राहिले. आत गेले नाही.

तुला माफ केलं, असं समजू नकोस. तुला केलं तर मलाही करावं लागेल आणि त्याची घाई मला नाही.

एकच विचारते. आई मला बाळापाशी बसवून तुला मैदानावर पाठवायची, तेव्हा तुला कळत होतं का? कळत होतं म्हणालास तर यापुढे पत्र नको. कळत नव्हतं म्हणालास तर मी विश्वास ठेवीन, कारण मलाही कळलं नाही. आता, या वयात, आई होऊनसुद्धा.

पण 'कळलं नाही' एवढं म्हटलं की पुरतं का, हे तुला मी सांगू शकत नाही. ते मोठीला विचारावं लागेल. आणि ती अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

तुझी बहीण